वरल्या वाटेवरची फांदी

मी काय काम करते असं नातेवाइकांनी विचारलं की आई सांगते, "ती टुरिझममध्ये आहे." ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक विमानतळावरचा काउंटर येतो. आमचं घर कोपरगावचं आणि शिर्डीचं विमानतळ हाकेवर, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. मी ते दुरुस्त करत नाही. खरं काम एका वाक्यात सांगता येत नाही, आणि चारचौघांत एकापेक्षा जास्त वाक्यं बोलायची वेळ आली की मी पाणी आणायला उठते.

लिहून मात्र सांगू शकते. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या डोंगरात एक वाडी आहे. तिथली सात घरं पाहुण्यांना मुक्कामाला ठेवून घेतात. फोनवर पाहुण्यांशी बोलणं, कोणाकडे कोण उतरणार याची पाळी ठरवणं, आणि आसपास पायी फिरण्याच्या वाटांच्या चिठ्ठ्या लिहिणं हे माझं काम. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. सात घरांना पेलतील एवढे पाहुणे येतात, तेवढे पुरेत.

पाळी म्हणजे पाळी. एखाद्या पाहुण्याने फोटो पाहून "आम्हाला तेच निळ्या दाराचं घर हवं" म्हटलं तरी ज्याची पाळी त्याच्याच घरी तो जातो. पहिल्या वर्षी यावरून मी बरीच बोलणी खाल्ली. ठाण्याच्या एका गृहस्थांनी खोलीची किल्ली मागितली. दाराला कडीसुद्धा नव्हती. मी जिच्याकडे राहते त्या हिरामावशीने त्यांना सुंभाचा तुकडा दिला आणि म्हणाली, "ह्ये बांधा आतनं. कुत्रं येतं, बाकी कोन येत न्हाई." तेच गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर येऊन विचारू लागले, "मावशी, इथे बघण्यासारखं काय आहे?" मावशी हुलगे पाखडत होती. ती म्हणाली, "बसा की. म्या बी बगतीया रोज, आजून सरलं न्हाई." ते बसले. दोन दिवस बसले. जाताना सुंभाचा तुकडा बरोबर घेऊन गेले.

चिठ्ठ्यांचं काम मला सगळ्यांत आवडायचं. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी बोलता येत होतं, पण लिहायला मी खऱ्या अर्थाने इथेच शिकले, आणि तेही वाटा लिहिता लिहिता. वाडीतली माणसं डावं-उजवं म्हणत नाहीत, वरलं अंग आणि खाललं अंग म्हणतात. अंतर विचारलं तर "हे काय, हितंच" म्हणतात. 'हितंच' म्हणजे शहरातल्या गुडघ्यांना पाऊण तास, हे मी घड्याळ लावून शोधून काढलं. मग प्रत्येक वाट दोनदा चालून, खुणा टिपून, मी चिठ्ठी लिहायचे. हिरड्याच्या जुन्या झाडापाशी थांबा. तिथून तळं दिसतं. पुढे दगडी पायऱ्या उतरू नका, वरच्या अंगाने जा.

या चिठ्ठ्यांमागे माझा एक स्वार्थ होता. मला अनोळखी माणसाशी बोलत चालणं जमत नाही. माझ्यासारखे आणखी पाहुणे असतील, त्यांना वाटाड्याशिवाय एकटं फिरावंसं वाटत असेल, असं मी धरून चालले. तसे निघालेही. चिठ्ठी हातात धरून एकेकटे फिरून येणारे पाहुणे पाहिले की मला वाटायचं, आपण एक बरी गोष्ट केली.

आता लहानूबाबांबद्दल.

बाबांचं वय त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, पण सत्तरीच्या पुढे असावं. लहानपणी शेरडांमागे आणि नंतर हिरडा गोळा करत त्यांचा सगळा जन्म या डोंगरात गेला होता. मी यायच्या आधी पाहुण्यांना फिरवायला तेच न्यायचे, आणि मी आल्यावरही ज्यांना सोबत हवी त्यांना नेत होते. पण वाडीत त्यांचा मान होता तो वेगळ्या कारणासाठी. पावसाळा सरत आला की बाबा एकटे सगळ्या वाटा चालून यायचे. दरड कुठे आली, ओढ्याने कुठे खाल्लं, हे पाहून यायचे. मग बायका शेरडं सोडण्याआधी, पोरं पलीकडच्या वाडीला जाण्याआधी बाबांच्या ओट्याशी थांबायची. "बाबा, वरली कशी हाय?" बाबा तंबाखू मळत सांगायचे, "वरली चांगली हाय. गोठनीची मोडली. जाऊ नगा." झालं. त्यावर कोणी दुसरं काही विचारायचं नाही.

मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली ही गोष्ट.

नाशिकहून तीन बायका येणार होत्या. तिघी निवृत्त शिक्षिका, साठीच्या आसपासच्या. त्यांना कड्याजवळून जाणारी वरली वाट हवी होती, आणि वाटाड्या नको होता. तिघींना आपापसांत बोलत जायचं होतं. बाबा तसेही दोन दिवस राजूरच्या बाजूला लेकीकडे गेले होते. त्या येण्याच्या आदल्या दुपारी मी चिठ्ठी पुन्हा एकदा तपासायला वरल्या वाटेने निघाले.

हिरड्याच्या झाडापुढे वाटेवर करवंदीची एक मोठी काटेरी फांदी आडवी पडलेली होती. तिच्यावर पाच दगड होते. गवत हिरवंगार, गुडघाभर, वाट स्वच्छ दिसत होती. मला वाटलं, कोणीतरी जळणासाठी तोडून ठेवली असेल, वाऱ्याने जाऊ नये म्हणून दगड ठेवले असतील. या बायकांच्या साड्या, ओढण्या अडकतील, पायांना काटे लागतील. मी दगड उचलून बाजूला ठेवले. फांदी टोकाला धरून ओढत नेली आणि खालच्या अंगाला टाकून दिली. मग सवयीने ते पाच दगड वाटेच्या कडेला एका रांगेत लावले, मोठ्यापासून लहानापर्यंत. पुढे थोडं चालून, तळं आणखी कुठून दिसतं ते पाहून, मी मागे फिरले. वहीत लिहिलं, 'वाट मोकळी.'

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास त्या तिघींपैकी एक जण धावत खाली आली.

तिच्याबरोबरच्या नलिनीताई पडल्या होत्या. फांदीच्या जागेपासून पन्नास पावलांवर, जिथे मी पोचलेच नव्हते, तिथे पावसाने कडेची माती खालून नेली होती आणि वर नुसतं गवत उभं होतं. पाय ठेवल्यावर ते गवतासकट खचलं. दहा-बारा फूट खाली एका बांधावर त्या अडकल्या म्हणून वाचल्या. घोटा उलटा फिरला होता. वाडीतल्या चार जणांनी बांबूला घोंगडी बांधून त्यांना खाली आणलं. दीड तास लागला. नलिनीताईंनी ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. जीपपाशी आल्यावर ते सोडून त्या पहिलं वाक्य बोलल्या, "माझा चष्मा कोणी आणला का?"

संगमनेरच्या दवाखान्यापर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता. खड्डा आला की त्या दाबायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझी चिठ्ठी छान होती गं. 'मऊ गवतावरून सावकाश चालत राहा' असं लिहिलं होतंस." त्या कौतुकाने बोलत होत्या.

घोट्याला पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले. तीन दिवसांनी मी वाडीत परतले तेव्हा बाबाही आले होते, आणि सकाळी उठून एकटे वर जाऊन पाहून आले होते. संध्याकाळी शाळेच्या पडवीत सातही घरांची बैठक बसली. बैठकीचा वृत्तान्त लिहायचं काम माझंच. मी भिंतीला टेकून वही मांडीवर घेतली.

पोपटभाऊ आमच्या कामाचे पुढारी. गरम डोक्याचे, पण मनात काही न ठेवणारे. त्यांनी सरळ विचारलं, "बाबा, वाट मोडलेली हुती. मंग फांदी का नव्हती?"

मला कळेना, मोडलेल्या वाटेचा आणि फांदीचा काय संबंध. शेजारी बसलेल्या मावशीला मी हळूच विचारलं. ती म्हणाली, "आगं, वाट बंद आसंल तर आडवी फांदी टाकत्यात. वर दगडं. मानूस काय समद्यांना सांगत फिरंल? फांदी बगितली का मागं फिरायचं. बारक्या पोरांनाबी म्हाईत आसतं."

मला माहीत नव्हतं. दीड वर्ष मी त्या डोंगरात वाटा लिहीत होते, आणि जे बारक्या पोरांना माहीत होतं ते मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नाही कारण ते सांगायचं असतं असं कोणाला वाटलंच नाही. मी विचारलं नाही कारण मी कोणाला फारसं काही विचारतच नाही.

मी मान वर केली. बाबा माझ्याकडेच पाहत होते. रागाने नाही. नुसते पाहत होते.

पोपटभाऊ माझ्याकडे वळले. "ताई, तुमी आदल्या दिसी गेल्ता ना वर? फांदी नव्हती ना?"

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मी आजही सांगू शकणार नाही. पोपटभाऊंनी 'नव्हती' असं धरलं. "बगा. ताई शिकल्याली बाई, वही घिऊन चालती. आसती तर दिसली आसती. ताईच्या चिठ्ठीत काय चूक न्हाई."

मी मान खाली घातली आणि वहीकडे पाहत राहिले. मग बाबांचा आवाज आला.

"न्हाई टाकली. ऱ्हाऊन गेलं."

"लेकीकडं जायच्या घाईत?" पोपटभाऊंनी विचारलं.

"व्हय."

पोपटभाऊंनी मला वाक्य सांगितलं आणि मी ते लिहिलं. 'लहानूबाबांचे वय झाल्याने यापुढे वाटा पाहण्याचे व पाहुणे नेण्याचे काम त्यांच्याकडे देऊ नये.' माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत त्यासाठी बक्षीस मिळालं होतं. त्या दिवशीही अक्षर चांगलंच आलं.

पुढचं वर्ष कसं गेलं ते थोडक्यात लिहिते, कारण थोडक्यात लिहिण्यासारखं ते नव्हतं.

पाहुण्यांबरोबर पोपटभाऊ स्वतः जाऊ लागले. एकदा धुक्यात भलत्याच सोंडेवर उतरले आणि तीन तास उशिरा पोचले. मावशी हसून म्हणाली, "भाऊ, बाबाला तरी इचारायचं!" आणि लगेच गप्प झाली. पाऊस सरत आला तसं मला वाटलं, आता बायका नेहमीसारख्या बाबांच्या ओट्याशी थांबतील. त्या थांबल्या नाहीत. तोंडाने "रामराम बाबा" म्हणत, शेरडं हाकत पुढे गेल्या. बाबा तंबाखू मळत बसलेले असायचे. त्यांना कोणी वाईट बोललं नाही. फक्त विचारणं बंद केलं. एकदा एक जण गमतीने म्हणाला, "बाबा, आता काय वय झालं, इसरायचंच!" बाबा म्हणाले, "व्हय बाबा, इसरतो." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

मी सांगणार होते. रोज सांगणार होते. एकदा चार ओळी लिहून काढल्या, कागदाची घडी केली आणि त्यांच्या दारापर्यंत गेले. तिथे आठवलं की बाबांना वाचता येत नाही. मला लिहिताच येत होतं. घडी पिशवीत ठेवून मी परत आले. ती बरेच महिने पिशवीत होती.

मग दिवाळीच्या आधी नलिनीताईंचा फोन आला. "मी येतेय. काठी घेऊन येतेय, पण येतेय. वरपर्यंत नाही जाणार, हिरड्याच्या झाडापर्यंत. आणि तुमचे ते बाबा आहेत ना, मला त्यांच्याबरोबर जायचंय. मला कळलं की माझ्या पडण्यावरून त्यांचं काम गेलं. हे मला बरोबर वाटत नाही."

त्या आल्या. हिरामावशीच्या ओट्यावर चहा झाला. पोपटभाऊ येऊन बसले. मावशीने हाक मारून बाबांना बोलावलं. बाबा आले, पण ओट्यावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले.

नलिनीताई म्हणाल्या, "बाबा, मी तुमच्याबरोबर येणार. हळूहळू चालू आपण."

"न्हाई बाई. आता म्या न्हाई नेत कुनाला."

"का?"

बाबा हसले. "लिवलंय तसं. वहीत."

ते माझ्याकडे बघूनही बोलले नाहीत. ओट्यावरची रांगोळी पाहत होते. वही म्हटल्यावर मी हातातला कप खाली ठेवला. पाणी आणायला उठण्याची फार इच्छा झाली. मी उठले नाही.

"फांदी होती," मी म्हणाले. "बाबांनी टाकली होती. मी काढली. मला माहीत नव्हतं ती कशासाठी असते. पण बैठकीत कळलं होतं. तरी मी बोलले नाही."

एवढंच. एक वर्ष लागलेलं बोलणं एका श्वासात संपलं.

पोपटभाऊ उभे राहिले. "वरीसभर? ताई, वरीसभर तुमी..." ते तसेच अंगणातून निघून गेले. मावशी कप गोळा करून आत गेली. नलिनीताईंनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. मग शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "आडवी फांदी म्हणजे काय, हे तुझ्या चिठ्ठीत आता तरी लिहिलंयस का?"

लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर मला ते कळलंय हे दिसलं असतं. त्या दिवसापासून प्रत्येक चिठ्ठीची पहिली ओळ तीच आहे.

बाबांना त्यात नवीन काही नव्हतं. ते म्हणाले, "मला ठाव हुतं."

"कसं?"

"दगडं. वर गेलो तवा बगितली. पाच दगडं रांगंत. थोरलं आदी, मंग धाकलं. आमच्यातलं मानूस दगड लाथंनं उडवतं, न्हाईतर बांधाला लावतं. रांगंत लावनारं वाडीत येकच हाय."

"मग बैठकीत बोलला का नाही?"

"तुज्याकडं बगितलं. तू मान खाली घातलीस." ते तंबाखू मळू लागले. "तुजं तोंड तुज्यापाशी हुतं. म्या कशाला उघडू? पर कुनीतरी बोलायला पायजेच हुतं. बाई पडलीवती. न्हाईतर पाहुनं कशाला येत्यात परत, आन सात घरं काय करत्यात?"



पुढच्या बैठकीत पोपटभाऊंनी माझ्याकडून दुसरं वाक्य लिहून घेतलं, फांदी होती आणि ती मी काढली असं. मी जुनं खोडायला लागले तर ते म्हणाले, "खोडू नका. खाली लिवा. दोनीबी ऱ्हाऊ द्या." तशी ती दोन्ही वाक्यं वहीत आहेत, एकाखाली एक, एकाच अक्षरात. काम पुन्हा बाबांकडे द्यायचं ठरलं, पण बाबांनी घेतलं नाही. "गुडगं ऱ्हायलं न्हाईत आता," म्हणाले. एक वर्षापूर्वी ते चढ चढून आले होते. ते वर्ष मी त्यांना परत देऊ शकत नाही. नलिनीताईंना मात्र ते हिरड्याच्या झाडापर्यंत घेऊन गेले. काठी घेतलेली दोन माणसं, एकमेकांसाठी थांबत. मी बरंच मागून चालत होते.

झाडापाशी नलिनीताई विसाव्याला बसल्या तेव्हा बाबांनी मला करवंदीची फांदी तोडायला लावली. वाट त्या वेळीही पुढे खचलेलीच होती. "ठिव," म्हणाले. मी ठेवली. "बुडखा डोंगराकडं. शेंडा कड्याकडं. आसं." मग मी दगड गोळा केले, आणि ते फांदीवर कसेही टाकू लागले, त्यांच्यासारखे.

"आगं, तसं नगं."

"मग?"

"तुला येतं तसं लाव. रांगंत. मंजी कुनी ठिवली ते कळंल."

आता वाटा मी पाहते. पावसाळा सरला की एकटी निघते, परतल्यावर बाबांच्या ओट्याशी बसते आणि काय पाहिलं ते तोंडाने सांगते. लिहून नाही. ते मधेच विचारतात, "गवत पिवळं हुतं का हिरवं?" आणि मला पुन्हा वर जावं लागतं, कारण मी ते पाहिलेलं नसतं.

यंदा वरली वाट पुन्हा खचली. मी सकाळी फांदी ठेवली, वर पाच दगड लावले, आणि ओढ्याच्या बाजूची वाट पाहून दुपारी खाली आले. अजून कोणाशी बोलले नव्हते. हापशावर एक बाई शेरडांना पाणी पाजत होती. या वेळेला ती शेरडं नेहमी वर असतात.

"आज वर नाही नेली?" मी विचारलं.

ती हापसा हाणता हाणता म्हणाली, "नेल्ती की. तू बंद केलीयास न्हवं? मंग फिरले मागं."